खपल्या पडल्या, नागीण गेली नाही

वारणाकाठची | ९ ऑक्टोबर, रात्री ११.५०

मंडळी, रात्रीचे बारा वाजत आलेत आणि मी उजव्या कुशीवर पडून, डावी बाजू उघडी ठेवून हे टाइप करते आहे. डाव्या बाजूला कापड लागलेलं सोसत नाही. वय ६३, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, मुक्काम सांगली. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर औषध नाही. चार महिन्यांपूर्वीपर्यंत रोज पहाटे आमराईत फिरायला जात होते आणि आपलं बरं चाललंय असं मनात धरून होते.

जूनच्या ४ तारखेला लसूण सोलत बसले होते. डाव्या छातीखाली कुणीतरी तापलेली सुई आडवी ओढावी तसं झालं. दहा मिनिटांनी पुन्हा. संध्याकाळपर्यंत ती सुई पाठीपर्यंत पोचली. डावी बाजू म्हटल्यावर घराची पाचावर धारण बसली. मुलाने गाडी काढली. ईसीजी झाला, ट्रोपोनिन झालं, टूडी एको झाला, एक रात्र आयसीयूत काढली. सगळं नॉर्मल. सकाळी म्हणाले, वय आहे, आलाच आहात तर अँजिओग्राफीही करून घेऊ. यजमानांनी "विचार करून सांगतो" म्हणून सही केली आणि आम्ही घरी आलो. बिल माझ्या महिन्याच्या पेन्शनएवढं. त्यांना दोष देत नाही, तेव्हा अंगावर काहीच दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते पित्त ठरलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्यांनी मणक्यात गॅप काढली (आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या मणक्यात एक गॅप आहे). चौथ्या दिवशी आंघोळीला गेले तर काखेखालून पाठीकडे लाल पट्टा आणि त्यावर साबुदाण्यासारखे बारीक फोड. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "कातीण मुतली असेल," आणि चंदन उगाळायला बसल्या. संध्याकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "पाठ दाखवा." एक मिनिटही लागलं नाही. "बाई, नागीण आहे."

मग सात दिवस, दिवसातून पाच वेळा असायक्लोव्हिर. मोबाइलवर पाच गजर. फोड भरले, फुटले, खपल्या धरल्या आणि जून संपता संपता पडल्यासुद्धा. इथपर्यंतची गोष्ट सोपी आहे.

फोड होते तोवर घरात माझी बडदास्त होती. नणंदेचे फोन, शेजारणीचं नारळपाणी, यजमानांनी केलेला चहा. खपल्या पडल्या आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. माझं दुखणं मात्र तिथेच होतं, उलट वाढलं होतं. आता पाठीवर फिकट तपकिरी डाग आहेत, बाकी काही नाही. पण पंख्याचा वारा लागला तर भाजल्यासारखं होतं. वॉइलच्या साडीचा पदर घासला तर डोळ्यांत पाणी येतं. गंमत म्हणजे तीच जागा जोरात दाबली तर बरं वाटतं. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस पाठीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो. परवा नणंद म्हणाली, "वहिनी, आता मनावर घेऊ नका." म्हणजे फोड गेले आणि मी नाटकी ठरले.

ऑगस्टमध्ये नात झाली. सुनेचं माहेर मिरजेलाच, त्यामुळे बाळ आठवड्यातून एकदा तरी येतं. पाळण्यातून उचललं की माझा हात आपोआप डाव्या खांद्याकडे जातो, तीन पोरं तिथेच थोपटून वाढवली. आणि तिथे तिला घेता येत नाही. तिचं झबलं लागलं तरी मी कळवळते.

डॉक्टर म्हणतात हे नागिणीनंतरचं मज्जातंतूचं दुखणं, वेळ लागतो. प्रीगॅबालिन चालू आहे, गोळी घेतली की दुपारपर्यंत डोकं कापसाचं. इथे कुणी यातून गेलं आहे का? किती महिने? दिवस कसे ढकललेत? उपाय सांगा, नाहीतर नुसतं "हो, असं होतं" म्हणा. तेवढ्यानेही चालेल.

भुईरिंगणी | १० ऑक्टोबर, सकाळी ७.१५

हो, असं होतं.

माझ्या आईला ७१ व्या वर्षी कमरेवर झाली होती. सात महिने परकर नाडीने बांधता आला नाही, गाऊनवर काढले. ती उन्हाळ्यात पंखा बंद करून बसायची आणि आम्ही भावंडं चिडायचो. मला वाटायचं लक्ष वेधून घेते. ताई, तुमचं वाचून काल रात्री तिला फोन केला. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

निवृत्त_नाडी | १० ऑक्टोबर, सकाळी ९.४०

वारणाकाठची, चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली, आता थांबलो आहे. तुम्हाला न तपासता औषध सांगणार नाही, पण यामागचं यंत्र समजावतो. ते कळलं की भीती थोडी कमी होते.

लहानपणी कांजिण्या झाल्या असतील. त्या बऱ्या होतात, पण विषाणू शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्याशेजारी मज्जातंतूंच्या गाठी असतात, त्यांत तो पडून राहतो. पन्नास-पन्नास वर्षं. वय वाढलं की त्याच्यावर पहारा देणाऱ्या पेशी ढिल्या पडतात. मधुमेह, कर्करोगाची औषधं, बरेच दिवस घेतलेली स्टिरॉइड्स यांनीही तेच होतं. मग तो एखाद्याच गाठीतून उठतो आणि त्या तंतूच्या वाटेने कातडीकडे निघतो. वाटेत तंतू सुजतो, म्हणून दुखणं आधी आणि फोड मागाहून. तुमचे ते तीन-चार दिवस असे गेले. त्या दिवसांत निदान भल्याभल्यांना जमत नाही. आणि हे वाचून कुणी छातीतलं दुखणं अंगावर काढू नये, तुम्ही आधी हृदय तपासलंत ते बरोबरच केलंत.

आता फोड गेल्यावर का दुखतं? ज्या तंतूतून तो गेला तो तंतू जखमी झालेला असतो. वायरचं प्लास्टिक सोलल्यासारखं. मग नुसता स्पर्शसुद्धा मेंदूला वेदना म्हणून पोचतो. हलका स्पर्श आणि दाब यांचे निरोप नेणारे तंतू सारखे नसतात, म्हणून पदर सोसत नाही आणि दाबलेलं चालतं. हे मनाचं दुखणं नाही, नणंदबाईंना हा परिच्छेद वाचायला द्या.

अमेरिकेच्या सीडीसीची (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) माहिती अशी की तिथे तीन माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी नागीण होते आणि झालेल्यांपैकी १० ते १८ टक्क्यांना हे मागे राहणारं दुखणं. वय जास्त तसा धोका जास्त. बहुतेकांचं महिन्यांच्या हिशेबात उतरत जातं. मध्ये चढउतार असतात, म्हणून एक वाईट आठवडा आला की सगळं पुन्हा सुरू झालं असं समजू नका.

वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. विषाणूवरचं औषध फोड दिसल्यापासून ७२ तासांत सुरू व्हावं. आणि कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा, उद्यावर टाकू नका. नाकाच्या शेंड्याचा आणि डोळ्याचा तंतू एकाच फांदीचा आहे.

चौथा_मजला | १० ऑक्टोबर, दुपारी १.०५

डॉक्टरसाहेबांचा मान राखून सांगतो, आमच्या गावी नागीण उतरवणारे एक आजोबा आहेत. गेरूचा लेप, मंत्र, तीन रविवार. पैसे घेत नाहीत. शेकडो लोकांना गुण आलेला बघितला आहे. आणि नागिणीचं तोंड नि शेपूट एकत्र आलं की माणूस हातचा जातो, हे उगाच म्हणत नाहीत. आमच्या चुलत आजोबांचं तसंच झालं. सगळं जुनं खोटं आणि सगळं इंग्रजी खरं, असं नसतं.

निवृत्त_नाडी | १० ऑक्टोबर, दुपारी २.३०

चौथा_मजला, तीन रविवार म्हणजे दोन-तीन आठवडे. नागिणीचे फोड काही न करता भरून यायलाही साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तुमचे आजोबा पैसे घेत नाहीत, त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण गाडी आपल्या वेळेला स्टेशनात येते आणि झेंडा दाखवणाऱ्याला वाटतं आपण आणली.

तोंड-शेपटाचं. कण्यातून प्रत्येक पातळीवर दोन तंतू निघतात, एक डावा, एक उजवा. नागीण त्यांतल्या एकाच्याच वाटेने जाते, म्हणून पट्टा पाठीच्या मधोमध सुरू होतो आणि छाती-पोटाच्या मधोमध थांबतो. विळखा पूर्ण होत नाही. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या माणसात फोड अंगभर पसरू शकतात आणि तो माणूस खरंच गंभीर असतो. जुन्या लोकांनी तेच पाहिलं असणार. त्यांचं निरीक्षण खरं, अर्थ वेगळा. गेरूने फोडांत जंतू शिरतात आणि मुख्य म्हणजे ते ७२ तास निघून जातात. माझी तक्रार एवढीच.

वारणाकाठची | १० ऑक्टोबर, रात्री ९.२०

चौथा_मजला भाऊ, तुमच्यावर रागावलेले नाही, कारण गेरू माझ्याही घरात आला होता. सासूबाईंनी भाचेजावयाला पाठवून पुडी मागवली. गोळ्या चालू होत्याच, पण त्या रोज पुडी घेऊन माझ्या खाटेशी बसायच्या. ८६ वर्षांचं माणूस, त्यांच्या धाकट्या बहिणीला नागीण झाली होती नि ती गेली. शेवटी मी त्यांना म्हटलं, फोडांवर नको, माझ्या तळपायाला लावा. त्यांनी दोन्ही तळपायांना गेरू लावला, पुटपुटल्या आणि त्या रात्री पहिल्यांदा नीट झोपल्या. माझी चादर अजून लालसर आहे.

डॉक्टर, तुमचा परिच्छेद प्रिंट काढून फ्रिजवर लावला आहे. नणंद दिवाळीला येईल तेव्हा पाणी घ्यायला उघडेलच.

पत्रावळ | ११ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

ताई, तुमच्या "डोकं कापसाचं" या शब्दावर थांबलो, म्हणून लिहितो. नाहीतर मी इथे नुसता वाचक आहे.

वडील ७८, नाशिकला एकटे राहायचे. त्यांनाही नागिणीनंतरचं दुखणं. हीच गोळी, दोन वेळा. मी पुण्यात. फोनवर म्हणायचे, झोप चांगली लागते आता. मला बरं वाटायचं. एका रात्री दोन वाजता लघवीला उठले, तोल गेला, न्हाणीच्या उंबऱ्यावर पडले. खुबा मोडला. सकाळी दूधवाल्याने हाक मारली तोवर तिथेच होते, पाच तास.

ऑपरेशन झालं, वॉकरवर फिरतात, आता माझ्याकडे असतात. खुब्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की वयात या गोळ्यांनी चक्कर आणि गुंगी येते आणि मूत्रपिंड मंद असेल तर गोळी शरीरात जास्त वेळ राहते. त्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) शेवटचं कधी तपासलं होतं, मला माहीत नव्हतं. गोळी कमी केली, रात्रीचीच ठेवली. दुखणं थोडं वाढलं, पण त्यांनी स्वतःच निवड केली: "दुखतं ते चालेल, पडायला नको."

आम्ही केलेले बदल सांगतो, भव्य काही नाही. न्हाणीत आणि पलंगाशेजारी धरायला दांडे. वाटेत रात्रभर मिणमिणता दिवा. उंबरा काढून टाकला (वडिलांनी दोन दिवस अबोला धरला, लक्ष्मी कुठून येणार म्हणून). पलंगावरून उठताना आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायचं. आणि खाटेखाली बाटली, तिची लाज सोडायला त्यांना खुब्यापेक्षा जास्त वेळ लागला.

सगळ्यात अवघड कोणतं म्हणाल तर त्यांना पुण्यात आणणं. नाशिकचं घर बंद करताना त्यांनी स्वयंपाकघरातला पाटा मागितला. फ्लॅटमध्ये पाटा कुठे ठेवायचा? बाल्कनीत आहे. त्यावर कुंडी ठेवली आहे.

निवृत्त_नाडी | ११ ऑक्टोबर, सकाळी १०.००

पत्रावळ यांची पोस्ट प्रत्येकाने दोनदा वाचा. ताई, डोकं दुपारपर्यंत जड राहत असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. डोस आणि वेळ बदलता येते, दुसरी औषधंही आहेत: गॅबापेंटिन, थोड्या प्रमाणात अमिट्रिप्टिलिन, वरून लावायचा लिडोकेनचा पॅच. फक्त गोळी मनाने एकदम बंद करू नका, हळूहळू उतरवायची असते. आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे हे सांगायला विसरू नका.

जुनं_खोड | ११ ऑक्टोबर, दुपारी ४.१०

हल्ली प्रत्येक दुखण्याला नाव हवं आणि प्रत्येक नावाला गोळी. आमची आजी ९२ वर्षं जगली, दवाखाना पाहिला नाही. वय झालं की दुखायचंच. स्वीकारा म्हणजे निम्मं दुखणं जातं.

वारणाकाठची | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ६.००

जुनं_खोड, आजींना नमस्कार. पण त्यांनी दवाखाना पाहिला नाही म्हणजे त्यांचं दुखलं नाही असं नसेल. तुम्हाला सांगितलं नसेल. मी चौतीस वर्षं शिकवलं. पोराचं गणित चुकलं तर "लहान आहे, चुकणारच" एवढं लिहून वही परत दिली नाही, कोणत्या पायरीला चुकलं ते शोधलं. "वय झालं" म्हणणं म्हणजे वही न तपासता परत देणं.

स्वीकाराबद्दल म्हणाल तर तो रोज करते. साडी सोडून सैल कुर्ते घालायला लागले, सांगलीच्या आमच्या गल्लीत ही छोटी क्रांती आहे. पण आधी काय स्वीकारायचं ते तरी कळू दे.

ब्रॅडफर्डचा_बाळ्या | ११ ऑक्टोबर, रात्री ११.३०

मी मूळचा कराडचा, आता इंग्लंडात ३० वर्षं. बायकोला ५८ व्या वर्षी नागीण झाली तेव्हा मी या विषयात घुसलो, त्यातली एक गोष्ट सांगतोच.

नागीण म्हणजे जुन्याच कांजिण्यांचा जागा झालेला विषाणू, हे नीट मांडलं ते कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेने नव्हे, एका गावच्या डॉक्टरने. एडगर होप-सिम्पसन, सायरेन्सेस्टर नावाच्या लहान गावातला फॅमिली डॉक्टर. वर्षानुवर्षं आपल्याच रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. मग स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडमधल्या येल बेटावर गेला. लहान बेट, माणसांना एकमेकांची दुखणी ठाऊक, त्यामुळे कुणाला कांजिण्या कधी झाल्या हे शोधता येत होतं. १९६५ साली त्याने आपला सिद्धान्त छापला. वारणाकाठचीताईंच्या डॉक्टरांनी "पाठ दाखवा" म्हटलं ते वाचून मला त्याचीच आठवण आली.

आता कामाचं. लस आहे. इथे सप्टेंबर २०२३ पासून वयाची ६५ पूर्ण होणाऱ्यांना सरकारी खर्चाने मिळते, दोन डोस. शिंग्रिक्स नाव. भारतातही ती २०२३ मध्येच आली, ५० वर्षांवरच्यांसाठी, पण पदरचे पैसे घालून.

आणि एक घरगुती युक्ती. बायकोला कपड्याचा स्पर्श सोसवेना, तेव्हा इथल्या नर्सने सांगितलं: खपल्या पूर्ण पडून कातडी भरली असेल तर त्या जागेवर स्वयंपाकघरातलं क्लिंग फिल्म गुंडाळ, त्यावर कपडे घाल. कापड सरकतं ते प्लास्टिकवर, कातडीवर नाही. ऐकून हसलो होतो. पण ती त्यावर दोन महिने ऑफिसला गेली.

चौथा_मजला | १२ ऑक्टोबर, सकाळी ८.००

लसीचा भाव काल मेडिकलवाल्याला विचारला. दोन डोस, वर आम्ही नवरा-बायको दोघं. आकडा ऐकून बाहेर येऊन रसवंतीवर बसलो. इंग्लंडात सरकार देतं, इथे पेन्शनवाल्याने काय करायचं? आणि लस घेऊनही होणार नाही याची खात्री आहे का?

निवृत्त_नाडी | १२ ऑक्टोबर, सकाळी ९.१५

शंभर टक्के खात्री नाही. चाचण्यांत ५० ते ६९ वयात सुमारे ९७ टक्के आणि सत्तरीपुढे सुमारे ९१ टक्के संरक्षण दिसलं. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन इंजेक्शनं. पहिले एक-दोन दिवस दंड ठणकतो, ताप-कणकण येऊ शकते. जिवंत विषाणूची लस नाही, त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येते. एकदा नागीण होऊन गेलेल्यांनीही घ्यावी असंच म्हणतात, कारण ती पुन्हा होऊ शकते. फक्त आधीची पूर्ण बरी झाल्यावर. किती थांबायचं ते आपल्या डॉक्टरांशी ठरवा.

किमतीबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ज्यांना परवडत नाही त्यांनी निदान ते ७२ तास लक्षात ठेवावेत, त्यांना पैसे पडत नाहीत. दोघांपैकी एकालाच परवडत असेल तर मी मधुमेह असलेल्याला आधी देईन.

चौथा_मजला | १२ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

मधुमेह बायकोला आहे. बघतो.

उसाचा_फड | १२ ऑक्टोबर, दुपारी १२.२०

वय ३४. मार्चमध्ये मला झाली, पोटावर. ऑफिसात कुणी विश्वास ठेवेना, "हा तर म्हाताऱ्यांचा आजार." गायक जस्टिन बीबरला याच विषाणूने २०२२ मध्ये चेहऱ्याची अर्धी बाजू हलवता येईना तेव्हा तो २८ चा होता, तेव्हा मला लाज वाटायचं कारण नाही. माझी तीन आठवड्यांत गेली, मागे काही राहिलं नाही. म्हणून काका-काकूंचं वाचून थोडं अपराधी वाटतंय.

भुईरिंगणी | १२ ऑक्टोबर, दुपारी ३.००

एक विचारते. ताई, जूनमध्ये तुमची सून गरोदर होती ना? घरात चालतं का? माझी मुलगी पाचव्या महिन्यात आहे आणि आजी शेजारीच राहते, म्हणून.

वारणाकाठची | १२ ऑक्टोबर, रात्री १०.१०

तो प्रसंग सांगायचाच राहिला. फोड आले ७ जूनला आणि ९ तारखेला सुनेचं डोहाळजेवण. फुलांची ऑर्डर गेलेली, धनुष्यबाण भाड्याने आणलेलं. डॉक्टरांनी सांगितलं की नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात आणि गरोदरपणात ते धोक्याचं. लहानपणी हिला झाल्या होत्या का, असा प्रश्न त्यांनी विचारला.

सुनेला आठवेना. तिची आई म्हणाली झाल्या होत्या. तिचे वडील म्हणाले, तो गोवर होता. फोनवर दोघांचं भांडण जुंपलं. सून गप्प बसून ऐकत होती. मग तिने केस मागे घेतले. कपाळावर, भांगाच्या जवळ, मसुराएवढा एक खोलगट व्रण. म्हणाली, "आई सांगायची, मी खपली खरवडून काढली होती म्हणून हा राहिला." डॉक्टरांनी तेवढ्यावर भागवलं नाही, रक्त तपासून घेतलं. प्रतिकारक्षमता आहे असा रिपोर्ट आला, पण तो यायला दोन दिवस लागले. तोवर मी मागच्या खोलीत, फोड झाकून, टॉवेल नि भांडी वेगळी. डोहाळजेवण हॉलमध्ये झालं. मी दाराच्या फटीतून गाणी ऐकली आणि कोणत्या वाटीत पेढा निघाला ते ओरडून विचारलं. तेव्हा भुईरिंगणीताई, मुलीला झाल्या होत्या की नाही हे आजच शोधा, आणि आठवणींवर विसंबू नका.

पत्रावळ | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.००

पेढा निघाला मग काय झालं?

वारणाकाठची | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

मुलगी झाली. वाटीला काय कळतंय!

वारणाकाठची | २६ ऑक्टोबर, रात्री ८.४५

बरेच दिवसांनी आले. डॉक्टरांकडे जाऊन "दुपारपर्यंत कापूस" असं याच शब्दांत सांगितलं. क्रिएटिनिन तपासलं, ठीक आहे. सकाळची गोळी बंद करून रात्रीची थोडी बदलली. डोकं हलकं झालंय. दुखणं आहे, दहापैकी आठ होतं ते सहावर आलंय म्हणू. काही दिवशी पुन्हा आठ. वहीत रोज आकडा लिहिते, आणि खाली त्या दिवशी काय केलं ते. पावसाळी हवेत वाढतं असं मला वाटायचं, वही तसं म्हणत नाही. झोप न झालेल्या रात्रीनंतर वाढतं, हे मात्र वही म्हणते. न्हाणीत दांडा बसवला. उंबरा अजून आहे, त्यावर घरात वाटाघाटी चालू आहेत.

बाळ्या, तुमची युक्ती केली. मुलाने मॉलमधून क्लिंग फिल्मची गुंडाळी आणली. यजमानांनी मला उभं करून दोन वेढे दिले, काखेखालून. त्यावर मऊ बनियन, त्यावर कुर्ता. घामाचा त्रास होतो, म्हणून तासा-दोन तासांनी काढावं लागतं. पण पदर, वारा, कुर्त्याची शिवण, काही बोचलं नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा मी पंखा दोनवर लावला.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, पोळ्यांच्या डब्यात भरायला निघालीस काय स्वतःला?"

रविवारी नात आली होती. म्हटलं बघू. प्लास्टिक, बनियन, वर घडी घातलेला जुना मऊ टॉवेल, आणि तिला डाव्या खांद्यावर घेतलं. साडेतीन मिनिटं. यजमानांनी घड्याळ लावलं होतं, त्यांना सगळ्याचं घड्याळ लावायची सवय आहे. मग उजवीकडे घेतली. तिने टॉवेलवर दूध काढलं होतं.